कौनासचे किलोमीटर

मारियाम्पोलेच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात झिताला न ओळखणारा माणूस म्हणजे पहिल्यांदाच आलेलं गिऱ्हाईक. ती दलाल नव्हती, मेकॅनिकही नव्हती. साठी उलटलेली, गुडघ्यांनी बेजार झालेली बाई. अंगात मुलीने ऑस्लोहून पाठवलेलं जाड जाकीट, एका खिशात बॅटरी आणि दुसऱ्यात रंगाची जाडी मोजून ठोकलेली, पुन्हा रंगवलेली गाडी ओळखायचं छोटं यंत्र. तिचं काम एकच. गाडी बघायची आणि आज बाजारात तिचे किती येतील ते सांगायचं. त्याचे ती वीस युरो घ्यायची. तिच्या आकड्यात दोन-तीनशेच्या वर फरक पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

छोट्या गाड्या ती दहा मिनिटांत उरकायची. खरा वैताग होता मोठ्या, आलिशान सेडान गाड्यांचा. नवी घेताना मालकाने साठ-सत्तर हजार मोजलेले असतात. शोरूमच्या दारातून बाहेर पडली की त्यातले बरेचसे तिथल्या तिथे उडून जातात. तीन-चार वर्षांत निम्मे. पुढे उतार जरा सौम्य होतो, पण थांबत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त आपली गाडी त्यातली नाही, अशी ज्याची त्याची खात्री असते. आतलं कातडं किती मऊ आहे, गाडी कायम गॅरेजमध्ये कशी ठेवली, हे सगळं तो सांगत राहतो. झिता ऐकून घेते, मान हलवते आणि आकडा सांगते. मग चेहरा उतरतो. पंचवीस वर्षं असे उतरलेले चेहरे बघून ती आता थकली होती. अलीकडे तर बाजारही निम्मा झाला होता. लोक घरबसल्या फोनवर गाड्या विकत होते, आणि पूर्वी ट्रेलर भरभरून गाड्या नेणारे लांबच्या देशांचे व्यापारी येईनासे झाले होते.

या कामात ती ठरवून पडली नव्हती. आधी ती साखर कारखान्यात हिशेबनीस होती. नवरा ब्रोन्युस जर्मनीहून गाड्या आणायचा, आणि कागदपत्रं झिता करायची. मीटर मागे फिरवायचं काम ब्रोन्युस स्वतःच करायचा, शेडचं दार लावून. आत काय चालतं ते तिला माहीत होतं, आणि माहीत नसल्यासारखी ती जेवण वाढायची. मग एकदा भूगोलाचा एक मास्तर घरी आला. त्याने आयुष्यभराची शिल्लक मोडून एक रुबाबदार सेडान घेतली होती. मीटरवर एक लाख वीस हजार किलोमीटर होते, प्रत्यक्षात गाडी तीन लाखांच्या पुढे गेलेली. तीन महिन्यांत इंजिन बसलं. मास्तरने आरडाओरडा केला नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्याने कागद पुढे केला आणि विचारलं, “बाई, ही सही तुमचीच ना?”

त्या वर्षी ब्रोन्युस जर्मनीला गेला तो तिकडेच राहिला. मध्ये एकदा आला, हत्यारांची पेटी न्यायला. झिता बाजारात उभी राहिली ती त्यानंतर. सुरुवातीला दलाल तिच्या अंगावर यायचे. पुढे त्यांच्या लक्षात आलं की झिताने बघितलेली गाडी लवकर खपते. मग तेच तिला मावशी म्हणायला लागले.

सहा वर्षांपूर्वी, एका एप्रिलमध्ये, आलितुसहून दोन मित्र तिच्याकडे आले. एक दातांचे डॉक्टर, रापोलास. जाडजूड, मोठ्याने हसणारे. दुसरे गिंतास, नोटरी. बारीक, टापटीप, बोलणं मोजकं. शाळेपासूनची मैत्री, आणि शाळेपासूनच एकमेकांवर कुरघोडी करायची खोड. दोघांनी एकाच आठवड्यात जवळपास एकाच किमतीच्या नव्या गाड्या घेतल्या होत्या. डॉक्टरांची मर्सिडीज, नोटरींची बीएमडब्ल्यू. वर्ष झालं होतं, आणि कुणाची गाडी किमतीत टिकली यावरून त्यांच्यात जुंपली होती.

“झिताबाई, याला एकदा सांगाच,” डॉक्टर म्हणाले. “याच्या गाडीचा भाव दुधासारखा नासतोय.”

“बाई, यांच्याकडे लक्ष देऊ नका,” नोटरी म्हणाले. “हे दात उपटताना पण असंच रेटून बोलतात. पेशंटला वाटतं, दुखलंच नाही.”

झिताने दोन्ही गाड्या पाहिल्या आणि आकडे सांगितले. नोटरींची गाडी आठशे युरोंनी पुढे निघाली. हरलेल्याने जिंकलेल्याला रस्त्यावरच्या खानावळीत त्सेपेलिनाय खिलवायचे, असं ठरलेलं होतं. बटाट्याचे ते एवढे मोठे गोळे, त्यावर तळलेल्या चरबीचे तुकडे आणि साय. डॉक्टर जाता जाता ओरडले, “पुढच्या वर्षी बघून घेईन!”

दर एप्रिलला ते येत राहिले. पुढच्या पाच खेपांत चार वेळा नोटरी जिंकले, एकदा डॉक्टर. त्या साली डॉक्टरांनी झिताच्या हातात चॉकलेटचा डबा ठेवला आणि वर बजावलं, “ही लाच नाही हं, निकाल लागल्यावर दिलाय.” एरवी गाडीची किंमत ऐकून हसणारी माणसं तिला या दोघांखेरीज कधी भेटली नव्हती.

यंदाच्या एप्रिलमध्ये नोटरी एकटेच आले. ओला बर्फ पडत होता, बाजारात चिखल झाला होता. झिता पत्र्याच्या टपरीत थर्मासमधला चहा ओतत होती. गिंतास दारातच उभे राहिले. कोट आता त्यांच्या अंगावर लोंबत होता.

“डॉक्टर पार्किंगमध्ये आहेत वाटतं?” झिताने विचारलं.

“रापोलास गेला, बाई. फेब्रुवारीत. कॅन्सर होता.”

झिता हातातला कप घेऊन तशीच उभी राहिली. तिने दुसरा कप काढला आणि त्यांना चहा दिला.

“वालेरिया, त्याची बायको, गाडी घेऊन येतेय,” नोटरी म्हणाले. “विकायचीय तिला. तिला नीट चालवता येत नाही, हळूहळू येतेय मागून. ती यायच्या आत मला तुमच्याशी बोलायचंय. माझी पण गाडी आणलीय. नेहमीसारखं दोन्ही बघा. फक्त यंदा त्याची पुढे आहे असं सांगा.”

“म्हणजे?”

“माझी पुढे असणार, मला माहीतच आहे. एक साल सोडलं तर दरवर्षी असते. पण तिच्यासमोर म्हणा, डॉक्टरांची जास्त. शंभर युरोंनी म्हणा. कुणाचं काय जातंय?”

झिताला एकदम फार थकल्यासारखं झालं. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. हा माणूस वाईट नव्हता.

“नोटरीसाहेब, तुम्ही कुणासाठी खोटा कागद केलात कधी? मेलेल्या मित्रासाठी?”

“नाही.”

“मग मला सांगू नका. मी आहे तोच आकडा सांगणार. जास्त असो की कमी.”

गिंतासांनी कप खाली ठेवला. “तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता.

एवढ्यात काळी मर्सिडीज गचके खात आत आली आणि टपरीसमोर तिरकी थांबली. वालेरिया उतरल्या. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, डोक्याला लोकरी रुमाल. उतरल्या उतरल्या म्हणाल्या, “गिंतास, तो ट्रकवाला मला काय काय बोलला म्हणून सांगू! बरं झालं रापोलास नव्हते, भांडणच झालं असतं.” मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला.

झिताने कामाला हात घातला. मर्सिडीजच्या चारही बाजूंचा रंग तपासला, टायर बघितले, आत बसून मीटर पाहिला. मग आपली वही उघडली. गेल्या एप्रिलचा आकडा लिहिलेला होता. वर्षभरात गाडी अवघी तीन हजार किलोमीटर चालली होती.

मग ती बीएमडब्ल्यूकडे गेली. रंग चांगला होता, गाडी धुतलेली होती. पण ड्रायव्हरच्या सीटची कडा झिजली होती, आणि शेजारची सीट तर जास्तच. मीटर पाहून तिने वही पुन्हा चाळली. आधी तिला वाटलं, आपलंच चुकतंय.

“नोटरीसाहेब, तुमची गाडी वर्षाला दहा-अकरा हजारांच्या वर कधी जात नाही. यंदा सव्वीस हजार झालेत. एवढं कुठे हिंडलात?”

उत्तर वालेरियांनी दिलं.

“कौनासला. जुलैपासून. दवाखान्यात आठवड्यातून चारदा, कधी पाचदा. जाऊन येऊन दीडशे किलोमीटर.”

“तुमची गाडी का नाही नेली?” झिताने विचारलं. “डॉक्टरांना ऐसपैस झाली असती.”

“अहो, मी तेच म्हणायचे! पण ते ऐकतायत होय? रोज सकाळी तयार होऊन दारात उभे राहायचे आणि मला म्हणायचे, माझी गाडी गॅरेजातून काढायची नाही. गिंतासची झिजू दे.”

गिंतासांनी चमकून वर बघितलं. “असं म्हणायचा?”

“रोज. हसायचे वर. मला वाटायचं, औषधाने डोकं फिरलंय.”

“मला सांगायचा, तुझ्या गाडीत हादरे कमी बसतात!” गिंतास म्हणाले. “मला बरं वाटायचं ऐकून. सहा वर्षांत पहिल्यांदा कबूल करतोय म्हटलं. चोर! नालायक चोर! ओकारी यायची त्याला वाटेत, गाडी थांबवायचो मी रस्त्याच्या कडेला, आणि त्या अवस्थेत हा माझे किलोमीटर मोजत होता!”

ते हसायला लागले आणि हसता हसता बीएमडब्ल्यूच्या टपावर हात टेकून त्यांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. वालेरिया जवळ गेल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. झिताने वहीत डोकं घातलं. तिला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण आकडे सांगायचे राहिले होते.

“मर्सिडीज अठ्ठावीस हजार,” ती म्हणाली. “बीएमडब्ल्यू सव्वीस हजार सातशे.”

गिंतासांनी डोळे पुसले. “बाई, खरं सांगा. माझ्यासाठी म्हणताय का?”

“मी कुणासाठी काही म्हणत नाही. मीटर तुमच्यासमोर आहे. तुम्हीच फिरवलाय तो, आणि सरळ बाजूने.”

गाडीचं गिऱ्हाईक ठरायला तास लागला. आर्नास नावाचा दलाल मघापासून घिरट्या घालत होता. बाईमाणूस एकटं, नवरा नुकताच गेलेला, हे त्याने हेरलं होतं. “चोवीस देतो, आत्ता, रोख,” तो म्हणाला. “मोठ्या गाड्यांना हल्ली कोण विचारतंय, वहिनी? उभ्या उभ्या पडत जातात.”

खरं तर झिताचं काम संपलं होतं, वीस युरो खिशात पडले होते. गुडघे ठणकत होते. पण ती वालेरियांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

“आर्नास, या बाईंना तू चोवीस म्हणालास?”

“मावशी, तू मध्ये पडू नकोस गं. धंदा आहे.”

“धंदाच कर. ही गाडी कौनासमध्ये तू तिसाला विकणार, ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. आता यांनाही कळलं.”

आर्नासने टोपी काढून डोकं खाजवलं. “तुझ्यामुळे माझी पोरं उपाशी मरतील एक दिवस.”

“तुझी पोरं तुझ्यापेक्षा जाड आहेत. सत्तावीस आठशे दे आणि कागद काढ.”

त्याने सत्तावीस हजार सहाशे दिले. कागद गिंतासांनी वाचले, ओळ न् ओळ, जणू त्यांचीच कचेरी होती. वालेरियांनी सही केली, किल्ली दिली आणि गाडीकडे एकदाही वळून न बघता बीएमडब्ल्यूत बसल्या. शेजारच्या झिजलेल्या सीटवर. गिंतास झिताला म्हणाले, “खानावळीत चला आमच्याबरोबर. या वर्षी मी देणं लागतो.”

“तुम्ही जा,” झिता म्हणाली. “मला पायाचं सोसवत नाही आज.”

ते खरंच होतं. पण ते गेल्यावर ती टपरीत बराच वेळ नुसती बसून राहिली. दोन माणसं भाव विचारायला आली, त्यांना तिने उद्या या म्हणून सांगितलं. पंचवीस वर्षांत तिने हजारो मीटर वाचले होते, आणि प्रत्येक वेळी जास्त आकडा म्हणजे कमी पैसे, एवढंच बघितलं होतं. ब्रोन्युस तो आकडा पुसायचा, ती तो मोजायची. आकडा वाढला तो कुठे जाऊन, हे दोघांनीही कधी विचारलं नव्हतं. विचारून करायचं काय, असंही तिला वाटलं. भावात त्याचा एक सेंटही धरता येणार नव्हता.

शनिवारी तौरागेहून एक जोडपं ऑडी घेऊन आलं. नऊ वर्षांची गाडी, दोन लाख दहा हजार किलोमीटर. झिताने आकडा सांगितला. नवऱ्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “एवढेच? बाई, हिला आम्ही लेकरासारखं जपलंय.”

नेहमी या ठिकाणी झिता वही मिटायची. आज तिने ती उघडीच ठेवली.

“एवढे किलोमीटर कुठे झाले?” तिने विचारलं.

नवरा गोंधळला. “कुठे म्हणजे? कामावर. आणि हिची आई लाटवियात होती, तिकडे.”

“आणि क्रोएशिया,” बायको मागून म्हणाली. “दोनदा. दुसऱ्या खेपेला पोलंडमध्ये रस्ता चुकलो, रात्र गाडीतच काढली. पोरं अजून काढतात ती आठवण.”

“तू चुकवलास रस्ता,” नवरा म्हणाला.

“नकाशा कोणाच्या हातात होता?”

मागे आणखी दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. एकाने हॉर्न वाजवला. झिताने त्याला हाताने थांबायची खूण केली आणि बॉनेटला टेकून ती ऐकत राहिली.