तिसऱ्या बाकावर

परळच्या आमच्या चाळीत चर्चला देऊळ म्हणणारं घर एकच, आमचं. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, तिकडे तसंच म्हणतात.

बाबा गिरणीत विणकर होते. साच्यांसमोर, म्हणजे मागांसमोर, आठ तास उभं राहायचं, आणि खडखडाट एवढा की शेजाऱ्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवायची आणि समोरचा ते वाचायचा. बाबांनी ही विद्या मला लहानपणीच दिली. आईच्या पाठीमागे आमच्या गप्पा अशाच चालायच्या. "काय खलबतं चाललीत दोघांची?" म्हणून ती करवादायची. तिला ते कधीच जमलं नाही.

मग संप आला. तो संपला असं कुणी सांगितलंच नाही, माणसंच एकेक करून थकत गेली. बाबा संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत गप्प बसू लागले. पुढे पुढे तर आमेनसुद्धा म्हणेनात. आईनं शिवणकाम धरलं, त्याचं तिला काही वाटलं नाही. पण या गप्प बसण्याची तिनं धास्ती घेतली. "नोकरी गेली, आता देवही सोडतायत की काय," म्हणायची. मला रागच यायचा. बाबांचा नाही, देवाचा.

एका शनिवारी देऊळ झाडायची पाळी आमची होती. आई आणि मी, दोघींचं अर्धं झाडून झालं असेल, तोच बाबा आले. आम्ही न बोलावता आले आणि तिसऱ्या बाकावर बसले. मी पुढे प्रवचनाचं पुलपीट पुसत होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला समोर दिसत होता. डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

आई लगबगीनं माझ्याजवळ आली. "काय म्हणतायत गं? नोकरीचं मागतायत ना? वाच की!"

दुसऱ्याची प्रार्थना वाचणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र फोडणं. मला नको वाटत होतं. पण आईचा जीव टांगणीला लागलेला दिसत होता, म्हणून वाचली.

"प्रभू, दमलोय. मागायचं काही नाही. तुझ्याजवळ बसतो जरा."

थोडं थांबून पुन्हा तेवढंच.

मी आईला शब्द न् शब्द सांगितला. वाटलं, आता भडकणार. घरात ही ओढाताण आणि या माणसाला देवाकडे मागायला काही नाही! पण तिनं केरसुणी भिंतीला टेकवली, पदराला हात पुसले आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसली. बाबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त सरकून तिला जागा करून दिली.

खूप वेळ दोघं तशीच बसून होती. उरलेलं देऊळ मी एकटीनं झाडलं.