शेळीने पकडलेली चूक

थांबा, चहा ओतायच्या आधी माझी फजिती ऐका. मामांच्या मिरजगावात ती शेंबड्या पोरालाही पाठ आहे, मग तुम्हीच का मागे राहायचं?

मी नगरला यंत्रांसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहितो. मामांची विहिरीवरची मोटार कोरडी चालून जळाली, तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, असं यंत्र देतो की पाणी नसलं तर मोटार सुरूच होणार नाही. विहिरीत पाणी मोजणारा सेन्सर सोडला. त्याची वायर तुटली तर ‘उणे एक’ आकडा यायचा, म्हणून ‘आकडा उणे असेल तर मोटार बंद ठेव’ अशी ओळही लिहिली.

आता कोड न चालवता, नुसता वाचून चुका दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. आमच्या ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांनी इशारा दिला, ही अट कधीच खरी ठरणार नाही. बरोबरच होतं त्यांचं! मी आकडा ठेवायला जी जागा निवडली होती तिथे उणे मावतच नाही. उणे एकचे तिथे ६५,५३५ होतात. शहाण्याने जागा बदलली असती. मी काय केलं? ती ओळच खोडली. इशारा गायब, आणि मी मिसळ खायला!

आठवड्याभरात मामांच्या मोबाईलवर मेसेज आला: विहिरीत पाणी ६५,५३५ फूट. मामा तेव्हा बाजारात होते. आकड्याकडे कोण बघतो? विहीर भरली, एवढंच त्यांनी वाचलं. तिथूनच भावकीला जलपूजनाचं आवतण दिलं आणि भाच्याच्या सत्काराला शाल घेतली. मामांनी फोनवर सांगितलेला आकडा मलाही खटकला हो. पण सत्कार म्हटल्यावर कसलं काय? दशांश चिन्ह राहिलं असेल, म्हणत मी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि मिरजगाव गाठलं.

सगळे विहिरीवर जमले. मामांनी हौसेने बटण दाबलं, आणि मामींनी ओटी घेऊन आत वाकून पाहिलं.

"आवं, ह्यात बेडूकबी भिजायचं न्हाई."

मोटार कोरडीच घरघरायला लागली. मी असा धावलो की चप्पल मागे राहिली. मेन स्विच पाडला तेव्हा कुठे जिवात जीव आला. मोटार वाचली होती. मग कठड्याशी पाहिलं तर सेन्सरची वायर चावून तोडलेली, आणि शेजारी मामांची शेळी निवांत रवंथ करतेय.

मी सगळं कबूल केलं. इशारा मिळाला होता, मीच तो पुसला. मामांनी शांतपणे ऐकलं आणि शाल उलगडली. केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, असं वाटून मी मान पुढे केली.

"तू चूक झाकली, हिनं दावली," म्हणत मामांनी शाल शेळीच्या पाठीवर घातली.

फोटो भावकीच्या ग्रुपवर आहे. मधोमध शेळी, आणि कडेला अनवाणी टाळ्या वाजवणारा तो मी.