डोक्यावर फिरायची टोपी

इसाकभाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी दुकानात दोन बायकांपुढं परकराची कापडं उलगडत बसलो होतो. वडवणीचा आठवडी बाजार, भर दुपार, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. सकाळी इसाकभाई नेहमीसारखे आमच्या दुकानाच्या ओट्यावर मशीनवर येऊन बसले होते. दुपारच्या नमाजाला उठले, घरी गेले, दोन घास खाल्ले, जरा पाठ टेकतो म्हणाले... आणि उठलेच नाहीत. त्यांचा जावई गर्दीतून वाट काढत आला. "अब्बा गेले," एवढंच बोलला. मी कापडं तशीच टाकून त्याच्यामागं निघालो. वाटेत माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायला मला आज लाज वाटत नाही. बरं झालं, आमचं बोलणं होऊन गेलं होतं... पाच वर्षांपूर्वी, ज्या दिवसांत आम्ही एकमेकांचं तोंड पाहत नव्हतो, त्या दिवसांत हा माणूस गेला असता तर मी उरलेलं आयुष्य कसं काढलं असतं कोण जाणे.

आमचं कापडाचं दुकान वडिलांपासूनचं. कापड आत, शिलाई बाहेर, ही रीतही त्यांनीच घातलेली. मी गल्ल्यावर बसायला लागलो त्याच्या आधीपासून इसाकभाई ओट्यावर होते. शिडशिडीत अंग, पांढरा पायजमा, पांढरा सदरा, गळ्यात टेप. शाळेचे गणवेश, बायकांचे ब्लाउज, म्हाताऱ्यांच्या बंड्या, सगळं त्यांच्या हातून जायचं. बोलणं कमी. गिऱ्हाईक कितीही घाई करू दे, ते एकदा चष्म्यावरून बघायचे आणि पुन्हा मान खाली. मला ते शिवाप्पा म्हणायचे. माझ्या लग्नातला कोट त्यांनी शिवला, आणि माझा मुलगा ओंकार जन्मला तेव्हा बारशाचं कुंची-झबलंही त्यांनीच. तीस वर्षांत आमच्यात कधी उंच आवाज झाला नव्हता. तो झाला ओंकारवरूनच.

ओंकार अकरावीत गेला आणि बदलला. आधी कपडे बदलले. अंगाला बसणाऱ्या पँटी सोडून तो दोन माणसं मावतील असल्या ढगळ पँटी घालायला लागला. कापडवाल्याच्या पोरानं असं दिसावं याचाच मला राग यायचा. मग त्याची खोली बंद राहायला लागली. कॉलेजातून थेट घरी यायचा तो दिवस मावळताना यायला लागला. कोपरं खरचटलेली, तळहात सोललेले, मनगटाला पट्टी. विचारलं की "पडलो." रोज कोण पडतं? त्या दिवसांत आमच्याकडं पोरं खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पितात, गोळ्या खातात, असं कानावर यायचं. मी त्याचे डोळे निरखायला लागलो, शर्टाचे वास घ्यायला लागलो. आणि एक दिवस तो जेवायला खाली मान घालून बसलेला असताना सुनंदानं, माझ्या बायकोनं, मला खुणेनं दाखवलं. टाळूवर, बरोबर मधोमध, रुपयाएवढी जागा केस जाऊन गुळगुळीत झाली होती.

आम्ही त्याला बीडला चामडीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी भिंग लावून बघितलं. चाई वाटत नाही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "डोक्यावरून काही ओझं वाहतो का हा? हमालांना असं होतं." मला अपमान वाटला. "कापड दुकानदाराचा पोरगा हाय साहेब, ओझं कावून वाहील?" ओंकार खिडकीबाहेर बघत राहिला. मलम घेऊन आम्ही परत आलो. एसटीत सुनंदा सगळी वाट रडत होती.

दुसऱ्या दिवशी तो अंघोळीला गेल्यावर मी त्याची बॅग उपडी केली. पट्ट्यांचा गुंडाळा निघाला, दुखण्यावरचं मलम निघालं, आणि निघाली एक टोपी. असली टोपी मी जन्मात पाहिली नव्हती. आत बोटभर जाड फोम, वर गुळगुळीत मरून साटीन, टाळूवर आणखी एक जाड गोल थर. मी ती उलटी केली आणि हातच थांबला. ते मरून साटीन माझ्याच दुकानातल्या अस्तराच्या ताग्यातलं होतं. आणि ती बारीक, एका रेषेतली दुहेरी शिलाई... ती मी नाही ओळखणार तर कोण?

टोपी घेऊन मी ओट्यावर गेलो आणि इसाकभाईंच्या मशीनवर टाकली.

"हे काय हाय?"

त्यांनी पाय थांबवला. "टोपी."

"ते दिसतंय मला. कशाची?"

"डोक्यावर फिरायची."

"डोक्यावर घालून फिरायची?"

"न्हाई, शिवाप्पा. डोक्यावर फिरायची." त्यांनी एक बोट मशीनच्या फळीवर उभं धरलं आणि भोवऱ्यासारखं गरगर फिरवून दाखवलं. "पोरं नाचतात तसं. ब्रेकिंग म्हणतात. ओंकार लई चांगला फिरतो."

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या छातीवरची धोंड उतरली. गोळ्या नव्हत्या, बाटल्या नव्हत्या, रोग नव्हता. पोरगा नाचत होता! पण तो सुटकेचा श्वास पुरा व्हायच्या आतच राग वर आला. मी वर्षभर जळत होतो, बायको देवळाच्या पायऱ्या झिजवत होती, आणि हा माणूस माझ्याच ओट्यावर बसून, माझ्याच कापडातून, माझ्या पोराच्या टोप्या शिवत होता.

"तुमाला माहीत हुतं. रोज माझं तोंड बघत हुता आन् सांगितलं न्हाई?"

"पोरानं शब्द घेतलता."

"आन् त्याची मान मोडली असती तर?"

त्यांनी टोपी बाजूला सरकवली आणि ब्लाउज पुन्हा सुईखाली घेतलं. मी बोलत सुटलो. ओट्यावरची चार गिऱ्हाईकं ऐकत असताना बोललो. तीस वर्षं घरातला समजलो, म्हणालो, आणि तुम्ही परक्यासारखं केलंत. त्यांनी हातातलं अर्धं ब्लाउज पूर्ण केलं, काज-बटणं केली, बाईला दिलं. मग मशीनवर झाकण घातलं. दुसऱ्या दिवशी जावयाला घेऊन आले आणि मशीन हातगाड्यावर घालून घरी घेऊन गेले. जाताना टोपीकडं एकदा बघितलं फक्त. ती मी कपाटात कुलूप लावून ठेवली, आणि त्याच आठवड्यात ओंकारला सिरसाळ्याला माझ्या मेव्हण्याच्या खताच्या दुकानावर धाडून दिलं. नाच सुटेल, संगत सुटेल, डोकं ठिकाणावर येईल.

तीन आठवडे गेले असतील. मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, पोरगं लई गुणी हाय हो. गुटख्याची पुडी खात न्हाई, उलट बोलत न्हाई. हिशेबाला पक्कं. सांजच्याला बाजारच्या शेडात चार पोरं गोळा करून उलटं उभं राहायला शिकवतंय. त्याला कावून पाठवलं तुमी हिकडं?" दुपारीच मोटरसायकल काढली.

शेड रिकामी होती, फरशी घोटीव. एका कोपऱ्यात मोबाइलवर गाणं चालू, पोरं गोल करून उभी. मी खांबाआड थांबलो. ओंकार आत आला. आधी पायांनी काही केलं, इतकं चपळ की मला नीट दिसलंच नाही, मग हातांवर गेला, मग डोकं टेकवलं आणि पाय आकाशाकडं. माझा पोरगा, जो माझ्यासमोर पाण्याचा पेला मागताना अडखळायचा, तो डोक्यावर उभा राहून फिरत होता. एक फेरा, दोन, पाच... पाय उघडायचे, मिटायचे, आणि तो वेग घ्यायचा. आणि तेवढ्यात दिसलं की त्याच्या डोक्याला टोपी नव्हती. एक टॉवेल गुंडाळला होता, साधा, अंग पुसायचा. फिरता फिरता तो टॉवेल सुटला, डोकं फरशीवर अडलं, मान वाकडी झाली आणि तो धाडकन कोसळला.

मी किती वेगानं पोहोचलो मला आठवत नाही. पोरं म्हणतात मी ओरडत होतो. ओंकार कुशीवर पडला होता. मी त्याचं डोकं हातात घेतलं. त्यानं डोळे उघडले, मला बघितलं आणि घाबरून उठूनच बसला. मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली. "काही न्हाई झालं, अप्पा." मी त्याला पुन्हा मान वळवायला लावली. पुन्हा. मग बोटं हलवायला लावली, पाय हलवायला लावले. सगळं जागेवर होतं. त्या फरशीवर बसून मी किती रडलो ते त्या पोरांनी बघितलं, आणि आजपर्यंत एकानंही त्याची चेष्टा केलेली नाही.

"टोपी कावून न्हाई घातली बे?" मी विचारलं.

"ती तुमच्या कपाटात हाय."

त्याच संध्याकाळी ओंकारला मागं बसवून मी वडवणीला आलो. घरी न जाता आधी इसाकभाईंकडं. ते अंगणात मशीन लावून बसले होते. त्यांच्या बायकोनं, हमीदाभाभींनी, मला बघितलं आणि काही न विचारता चहा ठेवला. काय बोलायचं ते मी वाटेत दहा वेळा ठरवलं होतं, तोंडातून मात्र भलतंच निघालं. "पोरांच्या पँटीला कोणतं कापड चांगलं?"

इसाकभाईंनी चष्मा काढला. "सुती न्हाई चालत. घासून फाटतं. जाड टेरिकॉट पायजे." मग म्हणाले, "बसा."

त्या दिवशी ते जेवढं बोलले तेवढं तीस वर्षांत बोलले नव्हते. विशीत असताना त्यांनी स्वतःसाठी बेलबॉटम शिवली होती, चोवीस इंची मोहरी, म्हणजे पायाशी तेवढा घेर. केस मानेपर्यंत. ती घालून ते मित्रांबरोबर बाजारातून एक फेरी मारून आले. "एकच फेरी हं. अब्बांनी दारातच धरलं. कात्री आणली... माझीच कात्री. अंगावर असतानाच दोन्ही मोहऱ्या गुडघ्यापर्यंत उभ्या कापल्या. सगळी गल्ली बघत हुती. अब्बा वाईट न्हवते. घाबरले हुते, तुमच्यासारखेच. पण त्यानंतर मी पायजमाच घातला." ते हसले. "तुमचा ओंकार गुडघ्याला जाड ठिगळ मारून मागायला आला ना, तवा मी नको म्हणू शकलो न्हाई."

मग मला कळलं की हा माणूस दर शुक्रवारी नमाजानंतर गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात जाऊन बसायचा. तिथं ही सात-आठ पोरं नाचायची. त्यांनी स्वतःला नाव घेतलं होतं 'डांबर', कारण सुरुवात त्यांनी नव्या डांबरी रस्त्यावर केली होती आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांची कातडी सोलून निघाली होती. पोरांची मान मोडेल या भीतीनं इसाकभाईही माझ्याइतकेच धास्तावले होते. म्हणून फोमचा एक एक थर वाढवत त्यांनी चार टोप्या बिघडवल्या तेव्हा पाचवी जमली. त्यांच्या दोन अटी होत्या. टोपीशिवाय डोकं टेकवायचं नाही. आणि ज्याच्या तोंडात पुडी, त्याचं माप घेणार नाही. 'डांबर'मधल्या एकाही पोराच्या तोंडात पुडी का नव्हती, ते मला त्या अंगणात उमगलं. "आन् त्यांचा एक कायदा मला लई आवडतो," ते म्हणाले. "दोन टोळ्या समोरासमोर येतात. भांडण असतं, खरं भांडण. पण ते नाचूनच भांडायचं. अंगाला हात न्हाई लावायचा."

मशीन पुन्हा ओट्यावर आलं. पुढची वर्षं मला भरभरून आठवतात. माजलगाव, दिंद्रुडकडची पोरं ढगळ पँटी शिवायला आमच्याकडं यायला लागली. कानात बाळी, भुवईत वस्तऱ्यानं पाडलेली चीर, मनगटाला पट्टी, आणि ओट्यावर चढताना चप्पल मात्र नीट काढून ठेवणारी. 'डांबर' एकदा मोठ्या स्पर्धेला संभाजीनगरला गेली आणि दुसऱ्याच फेरीत हरून आली. पोरांची तोंडं उतरलेली. इसाकभाईंनी मोबाइलवर सगळा नाच बघितला आणि एवढंच विचारलं, "शिवण कुठं उसवली न्हाई ना?" पोरं हसत सुटली.

जाण्याआधी पंधरा-वीस दिवस असतील, चहा पिता पिता ते म्हणाले, "शिवाप्पा, तवा मी तुमाला आधीच सांगायला पायजे हुतं. बाप हाये तुमी." मी म्हणालो, "सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी बंद केलं असतं. आन् पोरगं खरंच हातचं गेलं असतं." त्यांनी बशीतला चहा संपवला. मग मान हलवली, आणि मशीन सुरू केलं. एवढंच. पण ते झालं, दोघांनी बोलून झालं, याचं मला किती समाधान आहे ते शब्दांत सांगता येत नाही.

दफनाला 'डांबर'ची पोरं सगळी आली. ओंकार आता बीडला शिकतो, तोही पोहोचला. पोरं आपल्याकडचे सगळ्यात चांगले कपडे घालून आली होती, म्हणजे त्या ढगळ पँटीच. कुणीतरी कुजबुजलं. इसाकभाईंचा जावई शांतपणे म्हणाला, "राहू द्या. अब्बांनीच शिवलेत." पोरांनी आळीपाळीनं खांदा दिला.

आता ओट्यावर दुसरा टेलर बसावा असं चार जण सुचवतात. बसेल कुणीतरी. मी घाई करत नाही. पण या काही आठवड्यांत माझ्या एक लक्षात आलंय. दुकानावरून पोरं जातात तेव्हा पूर्वी माझी नजर त्यांच्या केसांवर जायची आणि कपाळाला आठी पडायची. आता ती आधी गुडघ्यांवर जाते. इसाकभाई तसंच बघायचे, चष्म्यावरून, कापड कुठं विरलंय ते. परवा एक नवाच पोरगा समोरून चालला होता, केसांना निळा रंग, पँटीचा डावा गुडघा घासून जाळी झालेला. मी गल्ल्यावरून उठलो आणि त्याला हाक मारली. तो बिचकला. आता हा म्हातारा काय बोलणार, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"ये, वर ये," मी म्हणालो. "डाव्यावर जास्त वळतोस का रे?"