आवाज बंद करून पाहिलेलं गाणं

पुलगावच्या नाक्यावर ट्रॅव्हल्सची बस थांबली तेव्हा बाबांनी माझी पिशवी डिकीत टाकू दिली, पण स्टीलचा डबा मात्र मांडीवरच ठेवायला लावला. आत चिवडा-चकल्या नव्हत्या. माझी हार्ड डिस्क होती, बाबांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली. बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक. हादऱ्यांनी यंत्राचं काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. "पोचली का फोन करजो," एवढंच म्हणाले आणि ड्रायव्हरशी टायरबद्दल बोलायला गेले. आई खिडकीखालून हलली नाही. बस सुटता सुटता वर बघून म्हणाली, "आडनाव इचारलं त सांगजो. लपवजो नोको. एकदा लपवलं का मंग रोजच लपवा लागते."

मला तिचा राग आला होता. मी कॉम्प्युटरवर काम करायला निघाले होते, तिथे आडनावाचा काय संबंध? आयटीवाल्या पुण्यात जगभरचे लोक येतात, तिथे फक्त काम बघतात, असं मी पेपरात वाचलं होतं आणि ते मला खरं वाटत होतं.

प्रज्ञा, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, मलेबी पुण्याले येऊन मोशन ग्राफिक्स शिकायचं हाये." म्हणून हे लिहितेय. तुझ्यासाठी, आणि आपल्या गल्लीतून माझ्याआधी-माझ्यामागे निघालेल्या सगळ्यांसाठी. गोड करून लिहिणार नाही.

माझं सगळं अनुसयाबाईंपासून सुरू झालं. जयंतीला आणि विहारात गाणाऱ्या आपल्या अनुसयाबाई. मी त्यांची वेडी फॅन होते. त्यांच्या कार्यक्रमांच्या सीडी घरोघरी लागायच्या, पण त्यांत बघायला काय, तर स्टेज, माइक आणि मागे फुगे. मला वाटायचं, बाईंचे शब्द दिसले पाहिजेत. नाक्यावरच्या राजूभाऊंच्या दुकानात लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग चालायचं. दुपारी ते जेवायला घरी गेले की त्यांचा कॉम्प्युटर माझा. त्या सॉफ्टवेअरला मराठी उमजत नसे. जोडाक्षर टाकलं की ते फुटायचं, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची. मग मी एकेका अक्षराचं चित्र केलं, फुटलेले तुकडे हातानं जुळवले आणि ती चित्रं हलवायला शिकले. यालाच मोशन ग्राफिक्स म्हणतात, हे नंतर कळलं. 'पाटी फुटली तरी अक्षर राहील' ही बाईंची ओळ. त्यावर मी काळ्या पाटीतून अक्षरं कोंबासारखी वर काढली, बाईंच्या आवाजाच्या चालीनं. व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. मोबाइलची मेमरी कार्डं भरून देणाऱ्या दुकानांतून तो कुठकुठल्या गावांत पोचला. शेवटी बाईंचं नाव लिहिलं होतं, माझं नव्हतं. फॅनचं नाव कोण लिहितं?

पुण्यात नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं, जागा मिळाली. खोलीत चंद्रपूरच्या दोघी आधीपासून होत्या. घरमालकीण काकूंनी चहा दिला, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. काकू अतिशय मऊ आवाजात म्हणाल्या, "आमचं काही नसतं हो. फक्त माठातलं पाणी मी काढून देत जाईन. आपण हात घालू नका." मी चक्क थँक्यू म्हणाले. मला वाटलं, पुण्यात पाहुणचार असाच करत असतील. संध्याकाळी चंद्रपूरच्या दोघी माठात खुशाल ओगराळं बुडवताना दिसल्या तेव्हा कळलं. पुढे कितीतरी दिवस माझ्या तोंडाला त्या चहाची चव येत होती. शिवी खाल्ली असती तर निदान ओरडता आलं असतं. इथे सगळं 'आपण' आणि 'अहो' लावून चालतं, आणि अपमान झाला हे जिना उतरल्यावर कळतं. महिनाअखेर मी जागा सोडली.

शनिवार पेठेत एका दुकानाच्या माडीवर मंदार सरांचा स्टुडिओ होता. नोकरीसाठी दाखवायला माझ्याकडे अनुसयाबाईंच्या व्हिडिओशिवाय काही नव्हतं. मी तो लावला. बाईंचा पहिला सूर लागला तसे सर म्हणाले, "आवाज बंद करा जरा. डोळ्यांनी बघू." मुक्या पडद्यावर त्यांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. "कुठे शिकलात?"

"पुलगावला. लग्नाच्या मिक्सिंगवर."

"वाटत नाही. म्हणजे त्या मिक्सिंगनं हात बिघडला नाही म्हणायचा," ते म्हणाले आणि मला नोकरीवर ठेवलं.

खोटं बोलणार नाही, त्या माणसानं मला शिकवलं. अक्षर नुसतं आलं म्हणजे झालं नाही, ते येताना त्याला वजन हवं, हे त्यांनी बाजूला बसून दाखवलं. माझ्या बोलण्यावर मात्र स्टुडिओत हसू असायचं. मी "रेंडर करून राहिली आहे" म्हटलं की कुणीतरी विचारायचं, "करून राहिलीयेस, की करून जाणारेस?" मी हसायचे. हसत हसत पुस्तकी मराठी बोलायला लागले. घरी फोन केला की आई म्हणायची, "काय वं, बातम्या सांगून राहिली का?"

आणि मग बिल्डरचं काम आलं.

गावाबाहेर बंगल्यांची स्कीम होती. सरांनी फिल्म स्वतः बनवली, कुणाला दाखवली नाही. क्लायंटसमोर ती लागली तेव्हा मी मागच्या खुर्चीवर बसले होते. सतारीचं मुलायम संगीत. हिरवळीवर गोरी आजी, गोरी नातवंडं. मग काळ्या पार्श्वभूमीतून कोंबासारखी अक्षरं वर आली: 'आपली माणसं. आपले संस्कार. आपली वसाहत.'

ती माझीच पाटी होती. आधी अक्षराचं टोक, मग मान, मग एक हेलकावा, मग स्थिर. बाईंच्या ओळीसाठी बसवलेली ती हालचाल त्या शब्दांवर चढवली होती. एक जुना इफेक्ट काढायला मी हार्ड डिस्क स्टुडिओत नेली होती, तेव्हा सरांनी मूळ फाइल उतरवून घेतली असणार. 'संस्कार'मधलं जोडाक्षरसुद्धा फुटलं नव्हतं. फुटणार कसं? ते अखंड ठेवायची युक्ती मीच राजूभाऊंच्या दुकानात शोधली होती. बिल्डर समाधानानं म्हणाला, "व्वा. काही न बोलता सगळं सांगितलंत. कोणी यावं आणि कोणी चौकशीही करू नये, दोन्ही."

सगळे हसले. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले.

क्लायंट गेल्यावर मी विचारलं, "सर, बाईंचे शब्द कुठे गेले?"

"कुठले शब्द?" ते खरोखरच गोंधळले. मग लक्षात आलं. "अहो, मोशन तुमचंच आहे, नाकारतोय कोण? क्रेडिट देऊ की."

"या फिल्मवर माझं नाव नको. ती हालचाल काढा."

"हे बघा," ते चष्मा पुसत म्हणाले, "फॅन व्हिडिओवर कसला आलाय हक्क? गाणं तरी तुमचं होतं का?"

खरंच, गाणं माझं नव्हतं. मी टेबल आवरलं, राजीनाम्याची मेल केली आणि जिना उतरले. रस्त्यात ओळखीच्या एकीनं विचारलं, इतकी चांगली नोकरी का सोडलीस? तिला कसं समजावणार? अक्षरं वर कशी येतात यावरून कुणी नोकरी सोडतं का?

पण सरांचं 'गाणं तरी तुमचं होतं का?' डोक्यातून जाईना. पुलगावला आले आणि थेट अनुसयाबाईंच्या गावी गेले. बाई अंगणात लसूण सोलत होत्या. मी सांगितलं, तो व्हिडिओ माझा. न विचारता केला होता.

"तूच का वं ते?" त्यांनी हात पदराला पुसले. "मले वाटे कोणी मोठ्ठा मानूस असन. त्याच्यापासून लोकं नावानं बलावतात मले. आधी निस्ती 'गानारीन बाई' म्हनत."

मग मी एव्हाना इंटरनेटवर आलेली बिल्डरची फिल्म मोबाइलवर काढली, आवाज बंद ठेवला आणि झालं ते सांगितलं. बाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. अक्षरं वर येऊ लागली. 'आपली माणसं' झालं, थोडी जागा गेली, 'आपले संस्कार' आलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "हे त माह्या दमावर चाल्लं. पाह्य, इथं माहा दम संपते, आन् इथं अक्षरं बी थांबते."

त्यांनी फिल्म परत लावायला सांगितली आणि गायला लागल्या. 'पाटी फुटली तरी...' बरोब्बर बसलं. त्या गोऱ्या आजीवर, त्या हिरवळीवर, त्या 'आपल्या' वसाहतीवर बाईंचा फाटका, उंच आवाज शेवटपर्यंत तंतोतंत बसला. गाणं संपलं तशी बाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि बाजूला थुंकल्या. "घान हाये," म्हणाल्या. "पन चाल आपली हाये." मला रडू आलं आणि हसूही.

बाईंनी सांगितलं, पुढचं गाणं विचारून कर. तेव्हापासून त्यांची सगळी गाणी मीच करते, खाली दोघींची नावं असतात. पुण्याला परतले, आणि पोट भरायला साडीचे सेल, कोचिंग क्लास, ब्लाउजच्या जाहिराती करते. कुठलं काम घ्यायचं नाही ते मात्र मी ठरवते. त्यामुळे काही महिने फार कठीण जातात, हेही तुला माहीत असू दे.

तू विचारशील, मग इतकी किळस येते तर राहतेस कशाला? मी पुलगावला जाते तेव्हा आई माझ्यासाठी नवी चादर काढते आणि बाबा विचारतात, "परत कधी जाऊन राहिली?" पाहुणी झाले गं मी तिथे. आणि पुण्यात काकूंच्या घरी मी थँक्यू म्हणाले होते, कारण तेव्हा मी परकी होते. परक्या घरात वाढलं ते आपण गिळतो; घर आपलं झालं की विचारतो.

गेल्या महिन्यात, मी घर घेतलंय त्या पुण्यातल्या धानोरीच्या सोसायटीची गच्चीवर मीटिंग झाली. सेक्रेटरी काकांनी भाडेकरूंचा विषय काढला. म्हणाले, "जागा देताना जरा बघून द्यावी, एवढीच विनंती."

मी उभी राहिले. "काय बघून?"

"आपण सुज्ञ आहात."

"मी नाही सुज्ञ. मले समजून नाही राहिलं. सगळ्यांसमोर नीट सांगा, काय बघून?"

सेक्रेटरी काकांनी कागद उलटा केला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरं, पुढचा विषय पार्किंगचा." मी खाली बसले. खुर्ची माझी होती, गच्चीही माझी होती, आणि पार्किंगवर मला पुष्कळ बोलायचं होतं.