एस्प्लनेडचा मोगरा

आजीला फुलं फार आवडायची, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. शेवटची काही वर्षं तिची फुलं मी आणायचे, त्यामुळे माझं मत वेगळं आहे.

बाबांची बँकेतून कोलकात्याला बदली झाली तेव्हा निम्मं सामान नाशकातच राहिलं, पण आजीच्या कुंड्या आल्या. बेहालाच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर तिनं जास्वंद, गोकर्ण, तगर लावली. पुढे खुब्याचं हाड मोडलं आणि तिला जिना चढता येईना. मग परडी माझ्या हातात आली. डोळ्यांवर झोप असायची, ऑफिसची बस गाठायची असायची. फुलं घेऊन खाली आले की उलटतपासणी सुरू.

"कळ्या कशाला खुडल्यास? उद्याचं काय?"

"अगं आजी, देव भावाचा भुकेला असतो."

"देव असेल. मी नाही."

मी आदल्या रात्रीचीच दमलेली असायचे. वाद घालायचं त्राण नसायचं.

उन्हाळ्यात सॉल्ट लेकच्या ऑफिसातून परतताना मी एस्प्लनेडला बस बदलायचे. तिथे संध्याकाळी मोगऱ्याच्या माळा विकायला असतात. मी एक घ्यायचे, ती देवासाठी नाही, आजीसाठी. आजी माळ हातात घ्यायची, पण नाकाजवळ नेत नसे, कारण देवाचं फूल हुंगायचं नाही. मग ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये, आणि सकाळी बाळकृष्णाच्या गळ्यात. बाळकृष्ण अंगठ्याएवढा, माळ हातभर. नाकापेक्षा मोती जड.

आजोबा गेले तेव्हा ती तिशीत होती. तेव्हापासून तिनं केसांत फूल घातलं नाही. आईला, मला, घरी आलेल्या कुठल्याही बाईला ती गजरे करून द्यायची. गजरा माळताना समोरचीची मान धरून सरळ करायची, इतकी हौस. स्वतःचा सुपारीएवढा अंबाडा मात्र कायम बिनफुलांचा.

"आता कोण पाळतं हे?" मी भांडायचे.

"तू नको पाळूस."

मला तिचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर देवाचाही. माझ्या हातचं एक फूल तिनं एकदा तरी स्वतःजवळ ठेवावं, एवढंच मला हवं होतं. दरवर्षी मोगरा आला की मी आणत राहिले आणि तो दरवर्षी देवाकडे जात राहिला.

ती वैशाखात गेली, एका सकाळी, चहाच्या आधी. खोटं कशाला बोलू, मला आधी वाटलं ते एवढंच, की आता पहाटे उठायला नको. मग रडू आलं.

शेजारच्या काकीमा निशिगंधाच्या काड्या घेऊन आल्या, पाठोपाठ आणखी चार घरांतून हार आले. इथे लग्नालाही निशिगंध आणि माणूस गेलं तरी निशिगंधच. आजीचा फक्त चेहरा दिसत होता. स्मशानाबाहेरच्या दुकानात मोगरा दिसला, तेव्हा मी एक माळ घेतली.

विद्युतदाहिनीपाशी अंगावरचे हार काढायला सांगितलं. ते सगळे निघाल्यावर मी पुढे झाले आणि माळ तिच्या केसांत अडकवू लागले. आंघोळ घातल्यामुळे केस ओले होते आणि इतके विरळ, की माळ ठरेना.

"अगं, त्यांनी जन्मभर पाळलंय," आई हळूच म्हणाली.

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

शेवटी मी माळ तिच्या कानामागून फिरवून मानेखाली सरकवली. ती ठरली. आजी छान दिसत होती. मी वाट पाहत राहिले, सवयीनं, की आता ती हात झटकेल, काहीतरी टोचून बोलेल. तेव्हा मला कळलं, की जिला आता नाही म्हणता येत नव्हतं, तिच्यावर मी माझं म्हणणं लादत होते. इतकी वर्षं ती मला नाही म्हणत आली, ते म्हणणं तिचं स्वतःचं होतं.

"दीदी, हट जाइए," तिथला माणूस म्हणाला.

मी तिची मान उचलली आणि माळ काढून घेतली. आता ती देवालाही चालणार नव्हती. दाहिनीचं दार बंद झालं तेव्हा माळ माझ्याच हातात होती, आणि कुणाला द्यावी ते मला कळत नव्हतं.