सरांची शिट्टी आम्हीच बंद केली

माने सर गेले त्या संध्याकाळी साडेपाचला त्यांच्याच नंबरवरून कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला. रोज याच वेळेला यायचा, 'मैदानावर या.' मी सोफ्यावर लोळत मालिका बघत होते. न वाचताच अंगठा टाकला. थोड्या वेळाने पाहिलं, तर माझ्याआधी आणखी नऊ अंगठे होते, आणि वर सरांच्या मुलीने लिहिलं होतं, 'बाबा दुपारी गेले...' महिना झाला. अजून स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

सर शाळेत आम्हाला पीटीला होते. मी जाडी, चार पावलांत धापा टाकणारी. मला त्यांनी पळवून पळवून खो-खोच्या संघात घेतलं. निवृत्तीनंतर ते आमच्याच कॉलनीत राहायला आले आणि समोरचं ओसाड मैदान बघून स्वतः काटे उपटायला लागले. मग रोज उन्हं कलली की पत्र्याच्या डब्यातून चुन्याची फक्की टाकत मैदान आखायचं आणि शिट्टी फुंकत एकेका खिडकीखाली उभं राहायचं. मला हाक यायची, "सुनंदा, खाली ये की गं! गुडघे काय लोणच्यात घालणार हायस?" आजोबा, सुना, पोरं, कुणालाच सोडायचे नाहीत. माझ्या सासूबाई सत्तरीत पदर खोचून लंगडी खेळल्या! पडतील म्हणून मी ओरडले, तर सर म्हणाले, "पडल्या तर उचलू की. तू आधी चप्पल काढ."

पण त्या शिट्टीने कुणाची मालिका बुडायची, कुणाची मीटिंग. तोंडावर सांगायची हिंमत एकातही नव्हती. म्हणून सरांच्या पंच्याहत्तरीला आम्ही त्यांना शाल, श्रीफळ आणि मोबाइल दिला. भाषण मीच ठोकलं. "सर, आता उन्हात दारोदार फिरू नका. ग्रुपवर टाका की, आम्ही येतोच!" टाळ्या पडल्या. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. भोळे कुठले! त्यांना तो मान वाटला हो...

त्यानंतर सर एका बोटाने मेसेज टाकायचे, आम्ही घरबसल्या अंगठे टाकायचो. ते मैदान आखून अंधार पडेपर्यंत बसायचे. एकदा दूध आणताना मला म्हणाले, "काल तुमी अकरा जण येणार होता की. कुणी आजारी हाय का गं?" मी पाहुणे आल्याची थाप मारली. त्या अकरांतलं कुणीही जागचं हलणार नव्हतं, हे त्यांना सांगायची मला लाज वाटली. आणि आता त्याच ग्रुपवर 'सर म्हणजे आमची प्रेरणा' म्हणून फुलांचे ढीग! खोटारडे मेले. त्यात पहिली मी.

काल सरांच्या घरी काकूंना भेटायला गेले. त्यांनी फक्कीचा डबा आणि शिट्टी माझ्यापुढे ठेवली. "घेऊन जा बाई, मला बघवत न्हाय." मी तशीच मैदानावर गेले. रेघा वाकड्यातिकड्या आल्या, कंबर भरून आली. मग आमच्या बिल्डिंगखाली उभी राहून शिट्टी फुंकली. दम पुरेना, तरी फुंकली. वर माझ्याच घराची खिडकी उघडली. हातात मोबाइल धरून माझा मुलगा डोकावला.

"आई, काय हे! ग्रुपवर टाक की, येतो आम्ही."

माझंच वाक्य. मी शिट्टी पुन्हा तोंडात धरली आणि त्याच खिडकीखाली उभी राहिले.