फ्लोरी आंटींचा जबडा

दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, ते स्वतःच अपॉइंटमेंट घेऊन येतात. आणि आमचा दवाखाना तर जबड्याच्या सांध्याचा! कॅनडात, हॅमिल्टनमध्ये इथल्या रिसेप्शनला बसून मला बरीच वर्षं झाली, पण हा सांधा काही अजून कळलेला नाही. दुखतं कानापुढे, म्हणून माणूस आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो. मग दाताच्या. मग मानेला मसाज. सगळीकडून फिरून आमच्याकडे पोचतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "मी बरोबर जागी आलोय ना?"

मी म्हणते, "बसा. इथे सगळे हेच विचारतात."

*

फ्लोरी आंटींनी मात्र तेवढंही विचारलं नाही. आंटी वसईच्या, माझ्याच गावाकडच्या. इथल्या चर्चच्या मराठी मिस्साला गाणी त्याच धरतात, बाकीचे मागून म्हणतात. आणि त्यांचाच जबडा लॉक झालेला! तोंडात चमचा जेमतेम जायचा.

"जेवणाचं राहू दे," त्या दातांच्या फटीतून मला म्हणाल्या, "ईस्टरला गायला येईल ना गं?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात त्यांची मुलगी सँड्रा डॉक्टरांना म्हणाली, "शी इज फाइन, डॉक्टर. जस्ट थोडं पेन आहे."

*

टोरांटोजवळच्या वॉनमधल्या गोदामांतून माल नेणारे एक पंजाबी ट्रकवाले आले होते. कान बंद वाटतो, घास चावला की आवाज येतो. डॉक्टरांनी त्यांच्या कानापुढे बोटं ठेवली आणि तोंड उघडून मिटायला सांगितलं. टक्! मला टेबलापाशी ऐकू आलं.

"च्युइंग गम खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोडा थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

"बस, टोरांटो से विनिपेग तक, दो ही दिन!"

गम बंद करा म्हटल्यावर ते काळजीत पडले. गाडी चालवताना झोप आली तर काय करायचं? डॉक्टर म्हणाल्या, गाडी थांबवून झोपायचं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, ये तो आज तक किसी ने बताया ही नहीं!"

*

किचनर शहरातून नाशिकचा एक स्टुडंट आला. झोपेत इतके दात खायचा की बेसमेंटमधल्या रूममेट्सनी त्याचा पलंग लाँड्रीच्या मशीनशेजारी हलवला होता.

"काही स्ट्रेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"नो, नो. काहीच नाही."

"काम?"

"पार्ट-टाइम होतं. आता सुटतंय."

"वर्क परमिट?"

"संपतंय."

"इथे कायमचं राहायचा पीआर?"

"सरकारी ड्रॉमध्ये नंबर लागायची वाट बघतोय."

"घरच्यांना माहीत आहे?"

"आईला वाटतं, इकडे सगळं सेट आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि स्ट्रेस नाही?"

"नाही ना! म्हणून तर कळत नाही, दुखतंय कशाने!"

बिचाऱ्याला हसावं की त्याच्या आईला फोन लावावा, मलाही कळेना.

*

फ्लोरी आंटींचं गाडं तिथेच अडलेलं. शेक झाला, व्यायाम झाले, दातांवर घालायची प्लास्टिकची पट्टी झाली. तोंड तेवढंच उघडायचं. डॉक्टर म्हणाल्या, फरक पडला नाही तर सुई घालून सांधा धुवावा लागेल. आंटींचा चेहरा पडला, कारण तसं झालं तर ईस्टर हातचा गेलाच.

"घरी कसली काळजी असते का?" डॉक्टरांनी आंटींकडे बघत विचारलं.

सँड्रा म्हणाली, "मम्मीला? अजिबात नाही! मी तिला काही करूच देत नाही. ग्रोसरी मी, बँक मी. तिचे फोनसुद्धा मीच घेते."

मुलगी इतकी माया करते आणि जबडा तरीही सुटत नाही, मला तर काहीच उमगत नव्हतं.

*

तोंड किती उघडतं ते बघायला डॉक्टर कधीकधी सांगतात, तीन बोटं उभी करून दातांमध्ये घाला. ठाण्याच्या एका काकांनी ते ऐकलं आणि शेजारी बसलेल्या काकूंना म्हणाले, "हात दे गं."

काकूंनी दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले. "एवढं तरी स्वतःच्या हाताने करा!"

*

डॉक्टरांकडे लाल गोल स्टिकर्स असतात. जिथे नकळत दातावर दात दाबले जातात तिथे एक चिकटवायचा. तो दिसला की जबडा सैल सोडायचा. सुईच्या आधीचा शेवटचा उपाय म्हणून त्यांनी आंटींना एक पाकीट दिलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "कुठे कुठे लावले?"

"फ्रिजवर, टीव्हीवर, बाथरूमच्या आरशावर," सँड्राने सांगितलं. "मीच लावून दिले. तिला कुठे सुचतंय! आणि एक तर तिने हरवलाच. विसरते हल्ली."

डॉक्टरांनी मोजपट्टी लावली. तोंड मागच्या वेळेएवढंच उघडत होतं. त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या, आता सुईच.

"ओके, डेट द्या," सँड्रा म्हणाली. "मी चर्चच्या कॉयरला कळवून टाकलंय, ह्या वर्षी मम्मी गाणार नाही म्हणून."

आंटींनी ते तिथेच पहिल्यांदा ऐकलं. त्यांचे गाल दगडासारखे घट्ट झाले. मला इतका राग आला, पण माझं काम रिसेप्शनचं.

"मम्मी, तू बस. मी गाडी दाराशी आणते," असं म्हणून सँड्रा वळली.

तिच्या पाठीवर, स्वेटरच्या बरोबर मधोमध, लाल स्टिकर!

दार लागलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागल्या, मी डॉक्टरांकडे. आंटींनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. आधी नाकातून फुस्स झालं, मग खांदे हलायला लागले, आणि मग त्या हसल्या. खदाखदा, पार मागच्या दाढा दिसेपर्यंत!

"डॉक्टर, पट्टी!" मी ओरडले. "मोजा, मोजा, आत्ताच्या आत्ता मोजा!"